मामाचा खुबा आणि भाच्याचा निर्णय

इंदूरहून एका आईचं पत्र आलंय. मोठं आहे, म्हणून ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.

मुलगा साडेआठ वर्षांचा, रोज संध्याकाळी व्यायामशाळेत मल्लखांबाला जाणारा. गणपतीच्या आसपास तो जरासा लंगडायला लागला. विचारलं की म्हणायचा, गुडघा दुखतो. गुडघ्याचा एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. अनंत चतुर्दशीला सगळे झांक्या बघायला निघाले, तर राजवाडा यायच्या आतच तो फुटपाथवर बसला आणि बाबांना म्हणाला, मला उचलून घ्या. तेव्हा कुठे खुब्याचा एक्स-रे झाला आणि पर्थीज हा आजार निघाला. हाडांच्या डॉक्टरांचं म्हणणं असं: उजव्या मांडीच्या हाडाचा गोळा नुकताच ठिसूळ होऊन तुटायला लागलाय. त्याची बाहेरची बाजू अजून बरीचशी उभी आहे, पण गोळा कंबरेच्या हाडातल्या ज्या वाटीत बसतो, तिच्यातून बाहेर सरकायला सुरुवात झालीय. मांडीचं हाड कापून त्याचा कोन बदलायचं ऑपरेशन लवकर करावं.

वडील तयार आहेत. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराला कापायचं नाही, आधी मालीश आणि हाडवैद्य करून बघू. आई अडून बसलीय ती तिच्या थोरल्या भावाकडे बघून. त्यालाही लहानपणी हेच झालं होतं. दोन वर्षं लंगडल्यावर दहाव्या वर्षी ऑपरेशन झालं. ‘दादा छातीपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. आत खाज सुटली की आईची विणायची सुई मी हळूच आत सरकवून खाजवून द्यायचे,’ असं त्या लिहितात. दादा आता 44 वर्षांचा आहे. आयुष्यभर थोडा लंगडतच चालला, आणि गेल्या वर्षापासून जांघेतल्या दुखण्यामुळे रात्री त्या कुशीवर झोपू शकत नाही. त्याला सांधा बदलायला सांगितलंय. तो म्हणतो, माझ्यासारखं त्याचं करू नका. शेवटी त्या विचारतात, ‘ऑपरेशन करूनही हेच होणार असेल तर लेकराला कापायचं कशाला? निदान मार्चमधली परीक्षा होऊ दे, उन्हाळ्यात बघू, असं मी म्हणते. माझं चुकतंय का?’

तुमच्या पत्रात मुलापेक्षा दादाबद्दल जास्त लिहिलंय. ज्या बहिणीने विणायची सुई घेऊन त्याच्या उशाशी दिवस काढले, तिला ऑपरेशन म्हटलं की तेच प्लास्टर दिसणार, यात नवल नाही. पण म्हणूनच आधी दादाचंच बघू. त्यांच्याकडे बघून तुम्ही जो निष्कर्ष काढलाय, तो मला बरोबर वाटत नाही.

पर्थीजमध्ये मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा काही काळ तुटतो. का तुटतो, हे वैद्यकशास्त्राला अजून नक्की उमगलेलं नाही. 1910 साली अमेरिकेतले लेग, फ्रान्सचे काल्व्हे आणि जर्मनीचे पर्थीज या तिघांनी आपापल्या ठिकाणी हा आजार ओळखला. त्याआधी अशा मुलांना खुब्याचा क्षय झालाय असंच समजत. रक्त थांबलं की गोळ्यातलं हाड मरतं, मग ते तुकड्या-तुकड्यांनी विरघळतं, आणि रक्त परत आलं की त्या जागी नवं हाड भरतं. या सगळ्याला साधारण दोन ते चार वर्षं लागतात. म्हणजे आजार आपणहून बरा होतो. मागे उरतो तो गोळ्याचा आकार, आणि पुढची पन्नास वर्षं कशी जाणार हे बरंचसं त्या आकारावर ठरतं.

ओला लाडू तळहाताच्या खोलगटात धरला तरच गोल वळतो, अर्धा बाहेर राहिला तर त्या बाजूने चपटा होतो. मऊ पडलेल्या गोळ्याचं तसंच आहे. ऑपरेशनमुळे रक्त परत येत नाही की मेलेलं हाड जिवंत होत नाही. हाडाचा कोन बदलून गोळा वाटीत खोल बसवायचा आणि तो मऊ आहे तोवर तिथेच ठेवायचा, एवढंच काम ते करतं. म्हणून ते आजाराच्या सुरुवातीला केलं तर कामाचं. गोळा चपटा होऊन घट्ट झाल्यावर तेच ऑपरेशन केलं, तर वळायला आत मऊ काही उरलेलंच नसतं.

आता दादाची गोष्ट या नजरेने परत वाचा. दोन वर्षं लंगडल्यावर ऑपरेशन. मी त्यांचे एक्स-रे पाहिलेले नाहीत, पण दोन वर्षांत बहुतेक मुलांचा गोळा तुटण्याचा टप्पा संपून भरायला लागलेला असतो. त्यांच्या ऑपरेशनाने फारसं काही साधलं नसण्याची शक्यता मोठी आहे. तुमचा मुलगा सुरुवातीच्या टप्प्यावर आहे. दोघांच्या मांडीवरचा व्रण उद्या सारखा दिसेल, पण उशिरा झालेल्या ऑपरेशनाचं फळ बघून वेळेवर होणाऱ्या ऑपरेशनाचा निकाल लावता येत नाही. दादा ‘माझ्यासारखं करू नका’ म्हणतात, त्याचा अर्थ मी तरी ‘माझ्यासारखा उशीर करू नका’ असा घेईन. त्यांनाच विचारून बघा. पहिली तीस वर्षं पाय कसा होता, काय करता आलं, काय सोडावं लागलं, हेही विचारा. त्यांचा आजचा त्रास तुम्हाला दिसतोय. मधली वर्षं तुमच्या पत्रात एका ओळीत संपलीत.

लांबच्या निकालांबद्दल जे ठाऊक आहे ते सांगते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. अमेरिकेत आयोवा इथे पर्थीजच्या रुग्णांच्या एका छोट्या गटाचा पाठपुरावा दशकानुदशकं झाला. त्यांच्यावर बहुतेक ऑपरेशनाशिवायच उपचार झाले होते. तीस-पस्तीस वर्षं त्यांतल्या बहुतेकांची बरी गेली. पण सरासरी 48 वर्षांनी, म्हणजे पंचावन्नच्या आसपास, 40 टक्के लोकांचा सांधा बदलून झाला होता. म्हणजे मधली वर्षं ठीक जाणं आणि चाळिशी-पन्नाशीत दुखणं उठणं ही या आजाराचीच चाल आहे. ते दुखणं ऑपरेशनामुळे आलं असं दादांच्या बाबतीतही म्हणता येणार नाही. 1981 मध्ये स्टुलबर्ग यांनी वाढ संपतानाच्या गोळ्याच्या आकारावरून पाच गट पाडले, ते डॉक्टर आजही वापरतात. गोळा गोल राहिला तर सांधा सहसा म्हातारपणापर्यंत साथ देतो. गोळा लांबट किंवा चपटा झाला पण वाटीही त्याला जुळेल अशी बदलली, तर झीज उतारवयात येते. गोळा चपटा आणि वाटी गोल, असा बेबनाव झाला तर पन्नाशीच्या आतच सांधा खराब होतो.

मग ऑपरेशनाने मूल एका गटातून चांगल्या गटात जातं का? काही मुलांत जातं, काहींत नाही, आणि हे कुणीतरी तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं होतं. 2004 साली अमेरिकेतल्या जॉन हेरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आजार 8 वर्षांनंतर सुरू झालेला आणि गोळ्याची बाहेरची बाजू मध्यम खचलेली, अशा मुलांत ऑपरेशन झालेल्यांचे गोळे वाढ संपताना जास्त गोल निघाले. तेवढंच खचलेलं पण 8 वर्षांच्या आत सुरू झालेलं असेल, तर ऑपरेशन केलं काय न केलं काय, बहुतेकांचं चांगलंच झालं. आणि बाहेरची बाजू अर्ध्याहून जास्त खचली असेल, तर ऑपरेशन करूनही फारसा फरक दिसला नाही. नॉर्वेमध्ये 2008 साली देशभरातल्या मुलांचा अभ्यास झाला. त्यात 6 वर्षांवरच्या, अर्ध्याहून जास्त गोळा मेलेल्या मुलांना हेच मांडीच्या हाडाचं ऑपरेशन व्यायामोपचारापेक्षा फायद्याचं ठरलं. आपल्याकडे मणिपालचे डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी शेकडो मुलांचे एक्स-रे टप्प्याटप्प्याने तपासून दाखवलंय की गोळा वाटीबाहेर सरकायला लागला की धोका वाढतो, आणि तो फार सरकायच्या आधी, तुटण्याच्या सुरुवातीलाच ऑपरेशन करण्यात फायदा आहे.

तुम्ही लिहिलेलं वर्णन, साडेआठ वय, बाहेरची बाजू बरीचशी उभी, गोळा सरकायला सुरुवात, हे नेमकं त्या गटात बसतंय ज्याला ऑपरेशनाचा फायदा सगळ्यात स्पष्ट दिसलाय. म्हणून मी गोल गोल बोलणार नाही: तुमच्या जागी मी ऑपरेशनाच्या बाजूने झुकले असते. त्याने जन्मभराची हमी मिळत नाही. तुमच्या मुलालाही साठाव्या वर्षी नवा सांधा लागू शकतो. पण चाळिशीऐवजी साठी, किंवा कधीच नाही, याची शक्यता वाढवणं हेसुद्धा मोठं काम आहे.

तुमचा मार्चचा मुद्दा मात्र मला मान्य नाही. इतर सगळ्या बाबतींत तुमचं ऐकून घ्यावंसं वाटतं, इथे नाही. तिसरीची परीक्षा बुडली तर शाळा मार्ग काढते. चार महिन्यांत गोळा किती सरकेल हे कुणाच्या हातात नाही. दुसरं मत जरूर घ्या, पण दोन आठवड्यांच्या आत, आणि शक्यतो लहान मुलांच्या हाडांचं काम करणाऱ्या सर्जनकडून. असे सर्जन मोठ्या शहरांत आणि मेडिकल कॉलेजांत भेटतात. एक्स-रेच्या मूळ फिल्म किंवा सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको. तिथे हे विचारा: आजार कुठल्या टप्प्यावर आहे, गोळा किती टक्के बाहेर आहे, पाय बाजूला किती उघडतो, आणि आज काही न करता तीन महिने थांबलो तर आपण काय गमावू. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दोन्ही डॉक्टरांनी सारखं दिलं, तर तुमचा निर्णय जवळजवळ झालाच.

आणि दादांना झालं होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पर्थीज एकाच घरात दोघांना होणं तसं विरळ. म्हणून असं ऐकलं की चांगला डॉक्टर दुसरा खुबा आणि गुडघेही बघतो, कारण हाडांच्या टोकांच्या वाढीतला एक आनुवंशिक दोष एक्स-रेत हुबेहूब पर्थीजसारखा दिसतो. त्यात सहसा दोन्ही खुबे सारखे बिघडतात आणि उपचारांची दिशा बदलते. सिकलसेल आणि थायरॉइडची रक्ततपासणीही याच कारणासाठी सांगतात. काही निघेलच असं नाही, पण ऑपरेशनाआधी हे बघून झालेलं असावं.

आता ऑपरेशनानंतर काय काय होईल, हे आधीच माहीत असलेलं बरं. आजकाल प्लेट आणि स्क्रू पक्के बसले की या वयाच्या बऱ्याच मुलांना दादांसारखं छातीपर्यंतचं प्लास्टर लागत नाही. तरी सर्जनना स्पष्ट विचारा. साधारण दीड ते तीन महिने त्या पायावर भार द्यायचा नसतो. घर वरच्या मजल्यावर असेल, शौचालय भारतीय पद्धतीचं असेल, तर त्याची सोय ऑपरेशनाच्या आधी करा. कोन बदलल्यामुळे तो पाय सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आखूड पडतो आणि खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू काही काळ दुबळे होतात, म्हणून मूल त्या बाजूला झुकत चालतं. हे बघून आयांचा धीर सुटतो, ‘आधी बरा चालत होता, ऑपरेशनाने लंगडा केला’ असं म्हणतात. मी फिजिओथेरपीच्या कामात हे वाक्य फार ऐकलंय. लहान मुलांत तो कोन वाढीबरोबर बराच सुधारतो, आठच्या पुढे कमी सुधारतो, म्हणून थोडी लचक राहू शकते. पण कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा, एका पायावर कंबर न झुकवता उभं राहायचं, हे दोन व्यायाम वर्ष-दीड वर्ष नेमाने केले तर चाल खूप सावरते. नेम मोडतो तो तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, दुखणं थांबलं की. तिथे घट्ट राहा. बुटात आतून उंची वाढवता येते. घरात आपण अनवाणी वावरतो, त्यामुळे घरासाठीही एक जोड वेगळा ठेवावा लागतो, हे कुणी सांगत नाही.

प्लेट हाड जुळल्यावर, साधारण वर्षभराने, काढायची का ते आत्ताच ठरवून घ्या आणि त्याचा खर्च हिशेबात धरा. राहिलेली जुनी प्लेट पुढे कधी सांधा बदलायची वेळ आली तर त्रास देते. दादांच्या पायात प्लेट अजून आहे का, ते त्यांच्या सर्जनना माहीत असायला हवं. त्यांचे जुने कागद आता सापडणं कठीण असेल. मुलाच्या बाबतीत असं होऊ देऊ नका. निदानाच्या दिवसाचा एक्स-रे, ऑपरेशनची टिपणं, आणि वाढ संपताना, पंधरा-सोळाव्या वर्षी काढलेला शेवटचा एक्स-रे एका फाइलमध्ये ठेवा आणि तो सज्ञान झाला की त्याच्या हातात द्या.

सासूबाईंना दुखवायची गरज नाही. ऑपरेशनानंतर आखडलेल्या पाठीला, दुसऱ्या पायाला त्या प्रेमाने तेल लावू शकतात. पण खुबा ओढून-पिळून ‘बसवण्याचा’ प्रकार कुठल्याही हाडवैद्याकडून होऊ देऊ नका. आतलं हाड आत्ता नाजूक आहे. आणि तुम्ही जे ओझरतं लिहिलंय, की मल्लखांबाला घातलं म्हणून झालं का, कॅल्शियम कमी पडलं का, तर नाही. मल्लखांबावरून किंवा कॅल्शियम कमी पडल्याने हा आजार होत नाही. आत्ता उड्या आणि मल्लखांब बंद ठेवायचे ते मऊ गोळ्यावर भार नको म्हणून. डॉक्टर हो म्हणाले तर पोहणं चालतं.

हे वाचणाऱ्या इतर घरांसाठी दोन गोष्टी. मूल चार-पाच वर्षांचं आहे आणि डॉक्टर ऑपरेशन न सांगता दर तीन महिन्यांनी एक्स-रे आणि व्यायाम सांगताहेत, तर ते टाळाटाळ करत नाहीयेत. त्या वयात बहुतेकांचा गोळा आपणहून चांगला भरतो. आणि कुठलंही मूल लंगडत गुडघा दुखतो म्हणालं आणि गुडघ्यात काही निघालं नाही, तर खुबा तपासून घ्याच. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. अकरा ते पंधरा वयाच्या, विशेषतः वजनदार मुलांत असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि पाय टेकू देऊ नका, कारण त्या वयात गोळा वाढीच्या रेषेवरून सरकण्याचा वेगळा आजार असतो आणि त्यात थांबून चालत नाही.

दादांनाही एक निरोप द्या. सांधा बदलणं म्हणजे लहानपणचं ऑपरेशन फुकट गेल्याचा पुरावा, असं त्यांच्या मनात असेल तर ते काढून टाकावं. 2019 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आकडेवारीनुसार खुब्याच्या बदललेल्या सांध्यांपैकी सुमारे 58 टक्के सांधे 25 वर्षं टिकतात. तरुण वयात बदलला तर हे प्रमाण कमी असतं, म्हणून चाळिशीत घाई नको. पण रात्रीची झोप जात असेल, तर दहा वर्षं दुखणं सोसत बसण्यातही शहाणपण नाही.

राहिला तुमचा मुलगा. सगळ्या पत्रात त्याचं एकच वाक्य आहे, मला उचलून घ्या. साडेआठ वर्षांचं पोर घरातल्या कुजबुजीतून बरंच ओळखतं. मामाकडे बघून त्याच्याही मनात काही बसलं असेल. पुढच्या भेटीला त्याला बाहेरच्या बाकावर बसवू नका, आत घेऊन जा. त्याचा एक्स-रे त्याला दाखवायला सांगा. मल्लखांब परत कधी, हा प्रश्न त्याला असणार. तो त्याचा त्यालाच डॉक्टरांना विचारू द्या, आणि उत्तर ‘दोन वर्षं नाही’ असं आलं तरी त्याच्यासमोरच येऊ द्या.